एक इमारत, दोन पलटणी : विल्यम वर्ट आणि गॅरी शहराच्या शाळा

सार्वजनिक शाळेच्या खर्चाचे दोन मोठे भाग असतात : शिक्षकांचे पगार आणि इमारती. पगारांना कात्री लावली तर अध्यापनाचा दर्जा घसरतो आणि इमारती बांधणे टाळले तर एकेका वर्गात मुलांची दाटी होते. त्यामुळे शाळेच्या काटकसरीचा विचार बहुधा या दोहोंपैकी एकाचा बळी देऊनच थांबतो. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील गॅरी या पोलादनगरीचे शाळा-अधीक्षक विल्यम वर्ट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या कोंडीतून तिसरी वाट काढली. इमारतीचा प्रत्येक भाग दिवसभर वापरात राहील असे वेळापत्रक आखायचे आणि त्यातून जो पैसा वाचेल त्यातून मुलांना कार्यशाळा, प्रयोगशाळा, व्यायामशाळा, रंगमंच आणि पोहण्याचे तलाव द्यायचे, असा त्यांचा विचार होता. ‘गॅरी योजना’ या नावाने तो देशभर गाजला आणि १९२९ पर्यंत २०० हून अधिक शहरांत पोहोचला. न्यूयॉर्कमध्ये मात्र त्याच योजनेविरुद्ध शाळांवर दगडफेक झाली आणि तेथील महापौराच्या पराभवाला तिने हातभार लावला. एकच योजना एका शहरातील लोकांना आपली वाटते आणि दुसऱ्या शहरातील लोकांना आपल्याविरुद्धचा कट वाटते, याचे कारण तिच्या जमाखर्चात सापडत नाही. वाचलेला पैसा कोणाच्या पदरात पडला आणि तो कसा वापरायचा हे ठरवताना कोणाला विचारले गेले, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत ते शोधावे लागते.

अधीक्षकाचे पद

अमेरिकेत शालेय शिक्षण हा मुख्यतः राज्यांचा आणि प्रत्यक्ष कारभारात स्थानिक ‘शाळा-जिल्ह्यां’चा विषय आहे. शाळा-जिल्हा हा महसुली जिल्ह्याहून वेगळा असतो. एखादे शहर किंवा काही गावांचा समूह यांच्या शाळांपुरते स्थापन झालेले ते स्वतंत्र प्रशासकीय क्षेत्र असते आणि त्याच्या खर्चाचा मोठा वाटा त्याच क्षेत्रातील घरे, जमिनी व कारखाने यांवरील मालमत्ता करातून उभा राहतो. या क्षेत्राचे शाळा मंडळ धोरण ठरवते आणि रोजचा कारभार पाहण्यासाठी एक पगारी तज्ज्ञ नेमते. तोच सुपरिंटेंडंट, म्हणजे शाळा-अधीक्षक. बफेलो आणि लुईव्हिल या शहरांनी १८३७ मध्ये असे अधीक्षक प्रथम नेमले आणि शहरे वाढत गेली तसे हे पद सर्वत्र रुजले. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेचा शिक्षणाधिकारी राज्य शासनाच्या सेवेत असतो, त्याची बदली होते आणि शिक्षकांच्या पगाराची तरतूद प्रामुख्याने शासनाच्या तिजोरीतून होते. अमेरिकी अधीक्षकाला मात्र ज्यांच्या खिशातून कर जातो त्याच लोकांना शाळेचा खर्च पटवून द्यावा लागतो आणि मंडळाचा विश्वास उडाला तर पद सोडावे लागते. नेतृत्व, लोकसंपर्क आणि काटकसर या तीन गोष्टी म्हणूनच या पदात एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

विल्यम वर्ट यांचा जन्म १८७४ मध्ये इंडियानातील मार्कल या गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. डीपॉ विद्यापीठातून पदवी घेतल्यानंतर १८९९ मध्ये ते त्याच राज्यातील ब्लफ्टन या छोट्या गावाचे शाळा-अधीक्षक झाले आणि शाळेची जागा व वेळ नव्या रीतीने वाटण्याचे पहिले प्रयोग त्यांनी तेथेच केले. १९०७ मध्ये गॅरीचे पहिले नगरप्रमुख टॉम नॉट्स यांच्या पुढाकाराने त्यांना गॅरीत आणले गेले आणि १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ, ते त्या एकाच पदावर राहिले. अधीक्षकांची उचलबांगडी ही नित्याची बाब असलेल्या देशात इतका दीर्घ कार्यकाळ विरळाच होता, आणि इमारतीच्या आराखड्यापासून शिक्षकांच्या निवडीपर्यंत सारे एका कल्पनेभोवती बांधणे त्यांना शक्य झाले ते याच सलगपणामुळे.

वाळूच्या टेकड्यांवरचे शहर

गॅरी हे शहर हळूहळू वाढलेले नव्हते. युनायटेड स्टेट्स स्टील या बलाढ्य कंपनीने १९०६ मध्ये मिशिगन सरोवराच्या दक्षिण किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्या आणि दलदल सपाट करून पोलादाचा कारखाना आणि त्याच्या शेजारी नगर वसवले आणि त्याला कंपनीचे अध्यक्ष एल्बर्ट गॅरी यांचे नाव दिले. १९१० च्या जनगणनेत या नगराची लोकसंख्या १६,८०२ होती. १९२० मध्ये ती ५५,३७८ आणि १९३० मध्ये १,००,४२६ झाली. या वस्तीत पोलिश, सर्ब, क्रोएशियन, स्लोव्हाक, हंगेरियन, इटालियन आणि ग्रीक स्थलांतरितांचा मोठा भरणा होता. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय कामगार आणि पुढे मेक्सिकोतून मजूर येऊ लागले.

अशा शहराच्या शाळांपुढची आर्थिक अडचण समजून घेण्यासाठी कर आणि मुले यांच्या येण्याचा क्रम पाहावा लागतो. मालमत्ता कर मालमत्तेच्या मूल्यांकनानंतर आकारला जातो आणि त्यानंतर काही काळाने वसूल होतो, पण कामगाराचे कुटुंब आगगाडीतून उतरते त्या दिवसापासूनच त्याच्या मुलांना शाळा लागते. त्यात कंपनीच्या अवाढव्य मालमत्तेचे मूल्यांकन किती धरावे यावरून नगरप्रशासन आणि कंपनी यांच्यात वाद होते. परिणामी शाळेसाठी हाती असलेला पैसा नेहमीच मुलांच्या संख्येच्या मागे राहत असे. या परिस्थितीत बहुतेक शहरे जो मार्ग स्वीकारत, तो अर्धवेळ शाळेचा : मुलांचा एक गट सकाळी आणि दुसरा दुपारी. मुंबईसारख्या शहरांत आजही रूढ असलेल्या दोन पाळ्यांच्या शाळांचे तत्त्व हेच आहे. त्यात इमारतीचा दुहेरी उपयोग होतो, पण प्रत्येक मुलाच्या वाट्याला येणारा शाळेचा वेळ कमी होतो आणि उरलेला वेळ ते घरी किंवा रस्त्यावर घालवते. वर्ट यांना इमारतीचा दुहेरी उपयोग हवा होता, मात्र मुलाचा वेळ घटवून नव्हे. उलट शाळेचा दिवस त्यांनी सुमारे ८ तासांचा केला.

पलटण पद्धती कशी चाले

नेहमीच्या शाळेत प्रत्येक वर्गाची एक ठरलेली खोली आणि प्रत्येक मुलाचे एक ठरलेले बाक असते. मुले मैदानावर, सभागृहात किंवा प्रयोगशाळेत गेली की ती खोली रिकामी पडते, आणि मुले खोलीत असताना मैदान व सभागृह रिकामे पडते. वर्ट यांनी ही ठरलेल्या जागेची मालकीच रद्द केली. शाळेतील सर्व मुलांचे दोन गट पाडले. या गटांना ‘प्लॅटून’, म्हणजे पलटण, म्हणत. पहिली पलटण वर्गखोल्यांमध्ये वाचन, लेखन, गणित, इतिहास आणि भूगोल शिकत असताना दुसरी पलटण सभागृहात, व्यायामशाळेत, कार्यशाळांत, चित्रकला व संगीताच्या दालनांत, प्रयोगशाळांत, बागेत किंवा खेळाच्या मैदानावर असे. ठरलेल्या तासानंतर दोन्ही गट जागा बदलत. स्वतः वर्ट या व्यवस्थेला ‘काम-अभ्यास-खेळ’ पद्धती म्हणणे पसंत करत, पण लोकांच्या तोंडी पलटण पद्धती किंवा गॅरी योजना हीच नावे राहिली.

या व्यवस्थेचे अर्थकारण एका साध्या हिशेबाने स्पष्ट होते. समजा, एका शाळेत १,६०० मुले आहेत आणि एका वर्गात ४० मुले बसतात. जुन्या पद्धतीने त्या शाळेला ४० वर्गखोल्या लागतील, आणि सभागृह, व्यायामशाळा किंवा कार्यशाळा हव्या असतील तर त्यांचा खर्च वेगळा. पलटण पद्धतीत एका वेळी निम्मीच मुले वर्गखोल्यांत असल्यामुळे २० खोल्या पुरतात आणि उरलेल्या २० खोल्यांचा पैसा त्या विशेष दालनांसाठी मोकळा होतो. सभागृहात एका वेळी अनेक वर्ग एकत्र बसत असल्यामुळे तेथे माणशी शिक्षकही कमी लागतात. यामागचे तत्त्व वर्ट यांनी सार्वजनिक सेवांच्या व्यवस्थापनातून घेतले होते : शहरातील सर्व नागरिक एकाच क्षणी बागेत, ग्रंथालयात किंवा ट्राममध्ये येत नाहीत, म्हणूनच मर्यादित सोयींत मोठ्या लोकसंख्येची गरज भागते, आणि शाळेतही सर्वांची मागणी एकाच वेळी एकाच जागेवर येऊ दिली नाही तर तेच साधते.

वेळापत्रकाच्या या बदलातून अध्यापनाचे स्वरूपही पालटले. मुले खोल्या बदलत असल्यामुळे शिक्षक एकाच खोलीत राहून आपला एकच विषय शिकवू लागला, आणि एरवी हायस्कूलपुरती मर्यादित असलेली विषय-शिक्षकांची पद्धत प्राथमिक इयत्तांपर्यंत खाली आली. सभागृहाचा तास हा गॅरीच्या शाळांचा विशेष मानला जाई. तेथे मुले गाणी म्हणत, नाट्यप्रवेश सादर करत, वर्गात शिकलेली गोष्ट इतर वर्गांना समजावून सांगत आणि चित्रपट पाहत. १९०९ मध्ये बांधलेली एमर्सन शाळा आणि १९१२ मध्ये स्थलांतरित कामगारांच्या दक्षिण भागात उभी राहिलेली फ्रोबेल शाळा या दोन इमारती सेंट लुईचे वास्तुरचनाकार विल्यम इटनर यांनी या योजनेसाठी आखल्या. बालवाडीपासून हायस्कूलपर्यंतची मुले तेथे एकाच छताखाली शिकत आणि वरच्या इयत्तांसाठी केलेल्या प्रयोगशाळा व कार्यशाळांत लहान मुले मदतनीस किंवा निरीक्षक म्हणून वावरत. त्यामुळे महागडी साधने मोजक्या मुलांसाठी राखीव न राहता त्यांच्यावरचा खर्च अनेकांत विभागला जाई.

काटकसरीचे दुसरे साधन : श्रम

वर्ट यांनी इमारतीच्या देखभालीचा खर्चही शिक्षणात मिसळला. प्रत्येक शाळेला सुतार, रंगारी, नळकाम करणारा, वीजतंत्री आणि छापखान्याचा कारागीर असे लोक लागतातच. त्यांना कंत्राटावर बोलावण्याऐवजी गॅरीत त्यांना वर्षभरासाठी नेमले गेले आणि शिकवण्याचे कामही त्यांच्यावर सोपवले गेले. मुले त्यांच्या हाताखाली बाके दुरुस्त करत, भिंती रंगवत, विजेच्या तारा जोडत आणि शाळेला लागणारे अर्ज व पत्रके छापत. स्वयंपाकाच्या वर्गातील मुली शाळेच्या भोजनगृहासाठी जेवण तयार करत आणि ते सामान्यतः खर्चाइतक्या किमतीला विकले जाई. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांकडे साहित्याच्या नोंदी आणि हिशेबाचे काम असे. अशा रीतीने दुरुस्तीवर होणारा खर्च हाच कार्यानुभवाचा खर्च ठरला आणि मुलांनी केलेले काम निव्वळ सरावासाठी न राहता कोणाच्या तरी उपयोगी पडू लागले.

या व्यवस्थेचा बाहेरच्यांनी लावलेला अर्थ मात्र दोन प्रकारचा होता. शिक्षणतज्ज्ञांना तीत कृतीतून शिक्षण दिसले. कामगार चळवळीतील अनेकांना मात्र तीत कामगारांच्या मुलांना लहानपणापासूनच कामगार बनवण्याची व्यवस्था दिसली. पोलाद कंपनीच्या शहरात आणि कंपनीच्या अध्यक्षाचेच नाव मिरवणाऱ्या योजनेबद्दल असा संशय येणे अस्वाभाविक नव्हते, आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये हाच संशय निर्णायक ठरला.

शाळा : वस्तीचे केंद्र

गॅरीत ही योजना टिकली याचे मुख्य कारण शाळेच्या फाटकाबाहेर होते. मुलांसाठी बांधलेल्या कार्यशाळा, व्यायामशाळा आणि सभागृह संध्याकाळी मोकळे पडतात, तेव्हा ते प्रौढांसाठी खुले करावेत हा वर्ट यांच्या तत्त्वाचा साहजिक विस्तार होता. कारखान्यातून सुटलेले कामगार रात्रीच्या वर्गांत इंग्रजी शिकत, नागरिकत्व मिळवण्यासाठी लागणारी तयारी करत किंवा एखादा हुन्नर आत्मसात करत, आणि या वर्गांना येणाऱ्या प्रौढांची संख्या दिवसाच्या विद्यार्थ्यांशी स्पर्धा करू लागली. शनिवारी ऐच्छिक वर्ग भरत, उन्हाळ्यातही शाळा चालू राहत आणि मैदाने वस्तीची उद्याने म्हणून वापरली जात. ज्या स्थलांतरित कुटुंबांकडे दोन खोल्यांपलीकडे जागा नव्हती, त्यांना पोहण्याचा तलाव, ग्रंथालय आणि सभागृह शाळेच्या रूपाने दाराशी मिळाले. काटकसरीतून वाचलेला पैसा कोठे गेला, हे विचारण्याची गरज त्यांना पडली नाही, कारण तो त्यांच्या डोळ्यांसमोर विटांच्या रूपाने उभा होता.

इतर संस्थांनाही वर्ट यांनी या वेळापत्रकात सामावून घेतले. १९१४ मध्ये त्यांनी चर्चसंस्थांना सुचवले की पालकांची संमती असल्यास मुलांनी दिवसातील काही वेळ शाळेबाहेर, आपापल्या प्रार्थनास्थळी, धार्मिक शिक्षणासाठी घालवावा. ‘मोकळ्या वेळेची’ ही पद्धत पुढे देशभर पसरली आणि शासन व धर्म यांच्या विभक्ततेचा प्रश्न त्यातून उभा राहिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये मॅकोलम खटल्यात शाळेच्या इमारतीतच दिले जाणारे धार्मिक शिक्षण घटनाबाह्य ठरवले आणि १९५२ मध्ये झोराक खटल्यात शाळेच्या आवाराबाहेरील शिक्षणाला मान्यता दिली; मॅकोलम खटल्यातील न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्या मतात या पद्धतीचा उगम गॅरी आणि वर्ट यांच्यापर्यंत नेलेला आहे.

विचारवंतांचे कुतूहल

१९१० नंतरच्या काही वर्षांत गॅरी हे शिक्षणक्षेत्रातील प्रेक्षणीय स्थळ बनले. शिकागो विद्यापीठातील फ्रँकलिन बॉबिट यांनी १९१२ मध्ये शिक्षणातील अपव्यय टाळण्याविषयी लिहिताना गॅरीचे उदाहरण घेतले. कारखान्यातील प्रत्येक हालचाल मोजून उत्पादन वाढवण्याच्या फ्रेडरिक टेलर यांच्या ‘शास्त्रीय व्यवस्थापना’चा तो बहराचा काळ होता आणि बॉबिट यांना अधीक्षकात शाळारूपी कारखान्याचा कार्यक्षम व्यवस्थापक दिसत होता. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई आणि त्यांची कन्या एव्हलिन यांनी १९१५ मध्ये ‘स्कूल्स ऑफ टुमारो’ या पुस्तकात गॅरीची दखल घेतली ती अगदी वेगळ्या कारणासाठी : तेथील मूल समाजात राहून, काम करत शिकत होते. तरुण निबंधकार रँडॉल्फ बोर्न यांनी १९१६ मध्ये ‘द गॅरी स्कूल्स’ हे संपूर्ण पुस्तकच लिहिले. याच काळात, १९१३ ते १९१६ या वर्षांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि ड्यूई हे त्यांच्या प्राध्यापकांपैकी एक होते. लोकशाही ही सहजीवनाची रीत आहे हा ड्यूईंचा जो विचार आंबेडकरांच्या लेखनात पुढे पुन्हा पुन्हा भेटतो, त्याच विचाराच्या चष्म्यातून ड्यूई गॅरीकडे पाहत होते.

कार्यक्षमता आणि लोकशाही या दोन कसोट्यांवर एकच शाळा एकाच वेळी उतरते, असे तेव्हा अनेकांना वाटले. या दोन कसोट्या परस्परविरोधी ठरू शकतात, हे दाखवण्याचे काम न्यूयॉर्कने केले.

न्यूयॉर्कमधील उठाव

१९१४ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर झालेले जॉन पुरॉय मिचेल सुधारणावादी होते आणि खर्चावर अंकुश ठेवण्याचे आश्वासन देऊन निवडून आले होते. शहरातील हजारो मुले जागेअभावी अर्धवेळ शाळेत जात होती आणि नव्या इमारतींसाठी प्रचंड रक्कम लागणार होती. मिचेल यांनी स्वतः गॅरीला भेट दिली आणि वर्ट यांना दर महिन्याला एक आठवडा न्यूयॉर्कमध्ये येण्यासाठी सल्लागार म्हणून नेमले. ब्रूकलिनमधील ८९ क्रमांकाच्या आणि ब्राँक्समधील ४५ क्रमांकाच्या शाळेत प्रयोग सुरू झाला. ४५ क्रमांकाच्या शाळेचे मुख्याध्यापक अँजेलो पात्री हे स्वतः इटालियन स्थलांतरित कुटुंबातून आले होते, पालकांशी त्यांचा घरोबा होता, आणि त्यांच्या शाळेचा प्रयोग अनुकूल निरीक्षकांनी वाखाणला.

पण एका शाळेत जमले ते शहरभर जमेना. शहराचे अधीक्षक विल्यम मॅक्सवेल यांचा योजनेला विरोध होता. शिक्षकांना वाढलेल्या तासांची आणि बदललेल्या कामाची धास्ती होती. प्रयोगाचे फलित पुरेसे तपासण्याआधीच तो ३० हून अधिक शाळांत पसरवला गेला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गॅरीत पलटण पद्धतीबरोबर नवी इमारत, तलाव आणि कार्यशाळा आल्या होत्या. न्यूयॉर्कमध्ये अनेक जुन्या इमारतींत पद्धत आधी आली आणि सोयी तुटपुंज्या राहिल्या. ज्या आईने आपले मूल आधी दिवसभर एका शिक्षिकेच्या हाती सोपवले होते, तिला आता ते एका दालनातून दुसऱ्या दालनात फिरताना आणि अंधार पडताना घरी येताना दिसू लागले, आणि त्याच्या मोबदल्यात काय मिळाले हे तिला दाखवता येण्याजोगे फारसे काही नव्हते. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांना शाळा ही मुलांना कारखान्यातून बाहेर काढणारी शिडी वाटत होती. कार्यशाळांवर भर देणारी योजना म्हणजे ती शिडी काढून घेण्याचा श्रीमंतांचा डाव, असे त्यांना सांगितले गेले आणि ते त्यांना पटले. योजनेच्या पाठीराख्यांमध्ये रॉकफेलर यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या संस्थेशी संबंधित माणसे होती, ही गोष्टही प्रचारात वापरली गेली.

ऑक्टोबर १९१७ मध्ये, महापौरपदाच्या निवडणुकीच्या तोंडावर, मुलांनी शाळांवर बहिष्कार टाकला, मोर्चे काढले आणि खिडक्या फोडल्या. यॉर्कव्हिल, ब्राँक्स आणि ब्रूकलिनच्या वस्त्यांत मुलांबरोबर त्यांच्या मातांही रस्त्यावर उतरल्या. टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक पक्षयंत्रणेचे उमेदवार जॉन हायलन यांनी गॅरी योजना रद्द करण्याचे वचन दिले आणि समाजवादी उमेदवार मॉरिस हिलक्विट यांनीही तिच्यावर टीका केली. महायुद्धासह इतर प्रश्नही त्या निवडणुकीत होते, तरी शाळांचा प्रश्न सर्वांत तापलेल्या प्रश्नांपैकी एक होता; हायलन यांना मिचेल यांच्या दुप्पट मते मिळाली आणि योजना गुंडाळली गेली. हिशेबाने ती चुकीची ठरली नव्हती. शहर जो पैसा वाचवत होते, तो मुलांकडूनच वाचवला जात आहे अशी पालकांची खात्री पटली होती आणि ती दूर करण्यासाठी त्यांच्याशी बोलण्याची व्यवस्था कोणी उभारली नव्हती.

मोजमाप आणि प्रसार

गॅरीतील प्रत्यक्ष फलिताची तपासणी रॉकफेलर यांच्या पैशातून चालणाऱ्या जनरल एज्युकेशन बोर्डाने केली. वैद्यकीय शिक्षणावरील १९१० च्या अहवालामुळे प्रसिद्ध झालेले अब्राहम फ्लेक्सनर आणि त्यांचे सहकारी फ्रँक बाकमन यांच्या नेतृत्वाखाली झालेली ही पाहणी १९१८ मध्ये अनेक खंडांत प्रसिद्ध झाली. शाळेची व्यापक कल्पना, तिची विविधता आणि मुलांचा उत्साह यांचे तिने कौतुक केले, परंतु अंमलबजावणीत शिस्त नाही, शिक्षकांवर देखरेख अपुरी आहे आणि लेखन, शुद्धलेखन, गणित अशा मूलभूत विषयांत मुले मागे आहेत, असा ठपकाही ठेवला. वर्ट यांना हा निष्कर्ष अर्थातच मान्य झाला नाही. तरीही या पाहणीने दाखवलेली उणीव महत्त्वाची होती : इमारतीचा वापर मोजणे सोपे असते, त्या इमारतीत शिकणाऱ्या मुलाची प्रगती मोजण्यासाठी मात्र वेगळी यंत्रणा लागते, आणि काटकसरीच्या उत्साहात ती मागे पडली होती.

न्यूयॉर्कमधील पराभव आणि ही टीका असूनही पलटण पद्धती १९२० च्या दशकात झपाट्याने पसरली. वर्ट यांच्या न्यूयॉर्कमधील कामात त्यांच्या सहायक असलेल्या ॲलिस बॅरोज यांनी पुढे केंद्र सरकारच्या शिक्षण विभागातून तिचा प्रचार केला, डेट्रॉइटने आपल्या प्राथमिक शाळा मोठ्या प्रमाणावर तिच्यानुसार बेतल्या, आणि १९२९ पर्यंत देशातील १,००० हून अधिक शाळा ती वापरत होत्या. प्रसारात मात्र योजनेचा अर्थ आकसत गेला. अनेक शहरांनी त्यातील खोल्या वाचवण्याचा भाग उचलला आणि संध्याकाळची शाळा, प्रौढांचे वर्ग व वस्तीशी असलेले नाते मागे सोडले. शिकागोचे अधीक्षक विल्यम मॅकअँड्र्यू यांनी १९२४ नंतर ही पद्धत आणू पाहिली, तेव्हा त्याच सुमारास त्यांनी शिक्षकांची मते अधीक्षकापर्यंत पोहोचवणाऱ्या शिक्षक-परिषदा बंद केल्या. एला फ्लॅग यंग या अधीक्षिकेच्या काळापासून चालत आलेले हे व्यासपीठ हिरावले गेल्यामुळे मार्गारेट हेली यांच्या नेतृत्वाखालील शिक्षक संघटना आणि कामगार संघटना त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. आणि १९२७ मध्ये महापौर विल्यम थॉम्प्सन यांनी त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहणारे शिक्षक फारसे उरले नव्हते. मॅकअँड्र्यू निलंबित झाले. इतिहासकार रेमंड कॅलाहन यांनी १९६२ मध्ये अमेरिकी अधीक्षकांच्या कार्यक्षमतेच्या वेडावर जे पुस्तक लिहिले, त्यात पलटण शाळा ही उद्योगधंद्याची मूल्ये शिक्षणात शिरल्याची ठळक खूण म्हणून येते.

गॅरीतील रंगरेषा

न्यूयॉर्क आणि शिकागो यांच्याशी तुलना करता गॅरी यशस्वी वाटते, पण तेथेही ‘समाज’ या शब्दात सर्वजण मोडत नव्हते. कृष्णवर्णीय मुलांसाठी शहरात आरंभापासूनच वेगळ्या शाळांची प्रथा होती आणि वर्ट यांच्या प्रशासनाने ती मोडली नाही. १९३० पर्यंत शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे १८ टक्के झाले होते. १९२७ मध्ये एमर्सन शाळेत काही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळताच शेकडो गोऱ्या विद्यार्थ्यांनी संप केला, आणि संप मिटवताना त्या विद्यार्थ्यांना तेथून हलवण्याचे व कृष्णवर्णीयांसाठी स्वतंत्र हायस्कूल उभारण्याचे ठरले. त्यातूनच रूझवेल्ट हायस्कूल उभे राहिले. फ्रोबेलसारख्या मिश्र शाळेतही तलाव आणि अनेक उपक्रम यांत भेदभाव होता. तेथे १९४५ मध्ये पुन्हा गोऱ्या विद्यार्थ्यांचा संप झाला, तेव्हा तो मिटवण्याचे आवाहन करण्यासाठी गायक फ्रँक सिनात्रा गॅरीत आले होते. त्यानंतर १९४६ मध्ये शाळा मंडळाने वर्णभेद संपवण्याचे धोरण स्वीकारले. एकच तलाव सर्वांनी आळीपाळीने वापरावा या तत्त्वावर उभ्या असलेल्या व्यवस्थेने त्या ‘सर्वां’मधून एका समाजाला वगळावे, यातून वर्ट यांच्या लोकसहभागाची मर्यादा दिसते. त्यांनी नागरिकांना सोयींचे लाभार्थी बनवले, पण निर्णयाचे भागीदार बनवले नाही. आणि जो लाभ वरून दिला जातो, तो कोणाला द्यायचा हे बहुसंख्याकांचा दबाव ठरवतो.

महामंदीच्या वर्षांत करांचे उत्पन्न घटले, अनेक उपक्रमांना कात्री लागली आणि वर्ट यांच्या मृत्यूनंतर गॅरीनेही पलटण पद्धती टप्प्याटप्प्याने सोडून दिली. तिचे काही अंश मात्र सामान्य होऊन गेले : प्राथमिक शाळेतील संगीत, कला आणि शारीरिक शिक्षणाचे स्वतंत्र शिक्षक, सभागृह व व्यायामशाळा असलेली शाळेची इमारत, आणि शाळेचे आवार संध्याकाळी वस्तीला खुले असावे ही अपेक्षा. या इतिहासातून अधीक्षकाच्या कामाविषयी एक निष्कर्ष निघतो. रिकाम्या खोल्या शोधून काढणारे वेळापत्रक एक कल्पक माणूस कार्यालयात बसून आखू शकतो आणि त्याचा हिशेब अचूकही असू शकतो. त्यातून सुटलेल्या पैशाचे काय करायचे, हे मात्र पालक, शिक्षक आणि वस्तीतील सर्व समाजघटक यांच्यासमोर खुलेपणाने ठरावे लागते. गॅरीत पैशाचे रूपांतर लोकांना दिसले म्हणून योजना तीन दशके चालली, न्यूयॉर्कमध्ये ते दिसले नाही म्हणून ती चार वर्षांच्या आत कोसळली, आणि गॅरीतील कृष्णवर्णीय मुलांना त्या ठरवण्यात स्थानच नसल्यामुळे शहराच्या उत्तम शाळा त्यांच्यासाठी बंद राहिल्या.